चांदा प्रांतांतील अश्वसेवा व मालिशीची विद्या

अश्वपरीक्षेचीं आणि शालिहोत्राचीं बाडें आपल्याकडील संग्रहांत वारंवार आढळतात. जुन्या घराण्याचें दप्तर उघडलें कीं सनदा, महजर, वंशावळी यांच्या तळाशीं असें एखादें बाड बहुधा असावयाचेंच. संग्राहक तें उलगडतो. पहिल्या पानांवर भोंवऱ्यांचीं शुभाशुभ लक्षणें, देवमणाची प्रशंसा, पुढें रंगांचीं नांवें, त्यापुढें काढ्यांच्या व लेपांच्या याद्या दिसतात. आणि “अश्वपरीक्षा, त्रुटित” एवढी नोंद करून तें पुन्हां रुमालांत बांधलें जातें. प्रस्तुत लेखकानें पुष्कळ वर्षें हेंच केलें. किंबहुना याहून वाईट केलें. वैनगंगेच्या कांठच्या एका गांवीं अशा बाडाकडे पाठ फिरवून त्यानें त्याच पेटींतील दोन सनदांच्या नकला तेवढ्या उतरून घेतल्या. पुढल्या वर्षीं पावसाळ्यानंतर परत गेला तेव्हां वाळवीनें बाडाचा भुगा केला होता. सनदा दोन्ही पूर्वींच छापलेल्या निघाल्या! त्या बाडाच्या समासांत घोड्याच्या मालिशीसंबंधीं कांहीं ओळी निराळ्या हातानें लिहिलेल्या होत्या, एवढें स्मरतें. परंतु स्मरण हा कागद नव्हे. सबब त्या ओळींचा आधार पुढील विवेचनांत कोठेंही घेतलेला नाहीं.

घोड्याच्या अंगावरून रोज हात फिरविणें, त्याचे मांसल भाग चोळणें, पाय रगडणें, पाठ व खूर पाहणें ही एक स्वतंत्र विद्या होती. आणि चांद्यासारख्या रानमुलखांत, जेथें घोडें मुळांतच थोडें, तेथें तर तिचें मोल अधिक होतें. ही विद्या पोथींत फारशी कां उतरली नाहीं, तिनें काय साधत असे आणि तिची मर्यादा कोठें होती, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम पोथ्यांकडे वळूं. शालिहोत्र ऋषि अश्ववैद्यकाचा आद्य प्रवर्तक मानला जातो. त्याच्याच नांवावरून घोड्याच्या वैद्यास सलोत्री म्हणूं लागले. अग्निपुराणांत शालिहोत्र सुश्रुतास अश्वायुर्वेद सांगतो. जयदत्तसूरीचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित हीं कलकत्त्यास १८८७ सालीं एकत्र छापलीं गेलीं. तंजावरच्या सरस्वती महालांतून नकुलाचें सचित्र अश्वशास्त्र १९५२ सालीं बाहेर आलें, आणि भोजाच्या नांवावरील शालिहोत्र पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें १९५३ सालीं प्रसिद्ध केलें. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांतही, म्हणजे इ. स. ११३० च्या सुमारास, अश्वांचा विचार आहे. फारशींतही ही परंपरा गेली व तेथून जोसेफ अर्ल्स यानें १७८८ सालीं कलकत्त्यास ‘सलोतर’ इंग्रजींत आणला. तात्पर्य, ग्रंथांची वाण नाहीं.

या ग्रंथांचा भर लक्षणांवर, ऋतुमानाप्रमाणें आहारावर आणि स्नेह, स्वेद, नस्य, रक्तमोक्ष यांवर आहे. तेल कोणतें, तूप किती, कोणत्या ऋतूंत, हें त्यांत सांपडतें. पण तळहात कोठून कोठें न्यावा, अंगाचा भार कोठें द्यावा व कोठें आवरावा, घोड्यानें कान मागें टाकले म्हणजे काय समजावें, याचा विस्तार करण्याची ग्रंथकारास गरज वाटली नाहीं. कारण उघड आहे. लिहिणारा पंडित, हात चालविणारा मोतद्दार. पंडितानें मोतद्दाराच्या कामास अभ्यंग, मर्दन, संवाहन अशीं नांवें दिलीं आणि तो पुढें गेला. कौटिल्य अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत घोड्यांस दिवसांतून दोनदां स्नान, गंध व माळा सांगतो; सेवकांत दोर धरणारा, बांधणारा, गवत घालणारा, दाणा शिजविणारा, ठाणाची राखण करणारा, केंस कापणारा, विषवैद्य इतके मोजतो; चोळणारा म्हणून निराळा माणूस सांगत नाहीं. या बाबतींत ग्रीक लेखक झेनोफन वेगळा निघाला. इ. स. पूर्वींच्या चवथ्या शतकांतील त्याच्या अश्वारोहणावरील ग्रंथांत एक बारीक सूचना आहे, ती अशी कीं, घोड्याच्या कण्यावर कसलेंही हत्यार लावूं नये, केंस ज्या दिशेस बसतात त्या दिशेनें नुसत्या हातानें चोळावें. तो स्वतः घोड्यावर बसून लढलेला माणूस होता, म्हणूनच असली ओळ त्याच्या लेखणींतून उतरली.

मराठी साधनांची तऱ्हा पंडितांच्या ग्रंथांहून फार निराळी नाहीं. सभासदानें शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. तींत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद येतो. मालीश करणारा येत नाहीं. आईन-इ-अकबरींत बादशाही तबेल्याच्या नोकरांची लांबच लांब यादी आहे. चाबुकस्वार, बैतार म्हणजे घोड्यांचा वैद्य, नालबंद, पाणी आणणारा, झाडणारा, इतकेंच काय पण दृष्ट लागूं नये म्हणून धूप जाळणारासुद्धां तींत आहे. दृष्टीसाठीं निराळा माणूस, चोळण्यासाठीं नाहीं! परंतु त्याच यादींत दोन घोड्यांमागें एक साईस सांगितला आहे, आणि माझ्या मतें खरा पुरावा तोच. एका माणसास दोनच घोडीं दिलीं याचा अर्थ त्याच्या हातास पुष्कळ वेळ दिला. चोळणें होत नव्हतें असें नव्हे; तें साइसाच्या व बारगिराच्या रोजच्या कामांत इतकें मुरलें होतें कीं त्याचा हुद्दा झाला नाहीं.

चिपळुणाजवळ दळवटणें येथें छावणीस असलेल्या लष्करास शिवाजी महाराजांनीं पाठविलेलें पत्र वाचकांस परिचितच आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आधींच उधळली तर पुढें घोडीं उपाशीं मरतील आणि तो दोष तुमच्या माथीं येईल; जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताच्या गंज्या पेटतील, मग घोडीं कशीं वांचणार, इतक्या बारकाव्यानें त्यांत ताकीद दिली आहे. राजाची नजर गवताच्या काडीपर्यंत पोंचली होती. त्यापलीकडे घोड्याच्या कातडीवर जें चालत असे तें पागेंतल्या माणसांचें, आणि तीं माणसें लिहीत नव्हतीं.

आतां चांद्याकडे येऊं. ज्यास पूर्वीं चांदा म्हणत त्या प्रांतांत आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे येतात. गडचिरोली १९८२ सालीं निराळा झाला. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत चांद्याचा गोंड राजा बाबाजी याच्यापाशीं एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ असल्याचें लिहिलें आहे. आंकडे ढोबळ असतील. पण प्रमाण बोलकें आहे: एका स्वारामागें चाळीस प्यादे. त्याच ग्रंथांत वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख येतो, तेव्हां राजा अगदींच निर्धन होता म्हणून घोडीं थोडीं, असें म्हणतां येत नाहीं. कारण भूमींत शोधलें पाहिजे. पश्चिमेस वर्धा नदीच्या कांठची काळी जमीन. पूर्वेस वैनगंगेपलीकडे साग, बांबू, भाताचीं खाचरें आणि गांवोगांव तलाव. उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो व पावसाळ्यांत चार महिने चिखल. चिखलांत उभ्या घोड्याचें खूर कुजतें. चांद्याच्या कोटाच्या दरवाजांवर गोंड राजांनीं कोरविलेलें चिन्ह हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचें आहे, हेंही या मुलखास साजेसेंच. घोडा येथें पाहुणा होता.

पाहुणा असला तरी त्यास देवपद मिळालें. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत गोंडांच्या कोडापेन म्हणजे घोडादेवाचें वर्णन दिलें आहे. पावसाळ्याच्या आरंभीं गांवाबाहेर धोंडा उभारतात, मातीचा घोडा वाहतात, आणि मागणें मागतात तें गाईबैलांच्या रक्षणाचें. घोड्याच्या देवापाशीं गुरांसाठीं मागणें, आणि तेंही पाऊस लागतांना. या गोष्टीकडे पुढें पुन्हां एकदां वळावें लागेल.

१७५१ सालीं चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि रघूजींच्या पश्चात् मुधोजीस सेनाधुरंधर हें पद व हा प्रांत मिळाला. घोडदळावर उभी राहिलेली सत्ता अशा रीतीनें घोड्यास न मानवणाऱ्या रानांत उतरली. पुढें अखेरचा प्रसंगही येथेंच जवळपास घडला. नोव्हेंबर १८१७ मध्यें पुणें सोडलेला दुसरा बाजीराव मजल दरमजल करीत चांद्याच्या किल्ल्याच्या आशेनें या बाजूस वळला. एप्रिल १८१८ मध्यें पांढरकवड्याच्या आसमंतांत त्याच्या फौजेचा मोड झाला, आणि मे महिन्यांत इंग्रजांनीं चांदा घेतला. या मोहिमेचे इतिहास तोफा व पलटणी मोजतात. पांच महिने खोगीर न उतरलेल्या घोड्यांच्या पाठींचें काय झालें असेल, हा प्रश्न मला तरी ते वाचतांना पूर्वीं कधीं सुचला नव्हता. तो सुचला पुढें सांगतों त्या ठाणावर.

चंद्रपुरांत वरातीची घोडी बाळगणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. वडील टांगा चालवीत. आजा कोणाच्या तरी तबेल्यांत मोतद्दार होता, कोणाच्या तें त्यांस ठाऊक नाहीं. आपलें नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा आहे. दोन हिवाळे त्यांच्या ठाणावर मी जात राहिलों. केवळ पाहिलें असें नव्हे. हातानें केलें, आणि प्रथम फार वाईट केलें. पहिल्याच दिवशीं मीं अंगठे रोवून मान चोळूं लागतांच घोडीनें कान पाडून अंग काढून घेतलें. म्हातारा हंसला. “गुरुजी, आंगठ्यानं नोका दाबू,” तो म्हणाला, “आंगठा घोडीले टोचते. तळवा ठेवा, अन् अंगाचा भार द्या.” 

त्यांची रीत अशी. प्रथम हाताची पालथी बाजू चारही पायांवरून फिरवावयाची. एखादा पाय दुसऱ्याहून ऊन लागला, किंवा सुजून ऊन लागला, तर त्या दिवशीं त्यास चोळणें नाहीं. थंड पाण्याची धार आणि विसांवा. अंग तापलें असेल किंवा दाणा नुकताच खाल्ला असेल तरीही चोळणें नाहीं. (ज्वरांत व अजीर्णांत अभ्यंग वर्ज्य, असें मनुष्याचें वैद्यकही सांगतें, या गृहस्थांनीं वाग्भटाचें नांव ऐकलेलें नाहीं.) मग खरारा, तो मांसावर तेवढा, हाडाळ जागीं व गुडघ्याखालीं खरारा लावणें त्यांस खपत नाहीं. खराऱ्यानंतर हात. कानांमागून आयाळीच्या कडेनें मान उतरत यावयाचें, आणि वाघळीपाशीं, म्हणजे जेथें मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापाशीं, पुष्कळ वेळ रेंगाळावयाचें. तेथें हात बसला कीं घोडी मान लांबविते, वरचा ओंठ पुढें काढून हलविते, आणि मागला एक पाय सैल सोडते. हें झाल्याशिवाय पाठीस हात लावूं नये, असा त्यांचा दंडक आहे. पाठीवर कण्याच्या दोन्ही अंगांस चोळावयाचें, कण्यावर नव्हे. येथें झेनोफन आठवला व मौज वाटली. कंबर व पुठ्ठे जाड, तेथें तळवा पुरत नाहीं. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा घालून भार देतात, किंवा गवताची वळलेली जुडी थोपटून ओढतात. शेवटीं पाय: दोन्ही तळव्यांत पाय धरून खालून वर, सांध्यापासून गुडघ्याकडे. कधींही वरून खालीं नाहीं.

वरात संपवून घोडी परत आली म्हणजे साज एकदम काढीत नाहींत. तंग सैल करून तिला फिरवितात, पाठ निवूं देतात, मग खोगीर उतरवून उघड्या तळव्यांनीं पाठ थोपटतात. तापल्या पाठीवरील ओझें एकदम उचललें तर दाबलेल्या जागीं रक्त धांवतें व फोड उठतो, असा अनुभव घोडदळांतही सर्वत्र होता. बाजीरावाच्या घोड्यांचा विचार मनांत आला तो त्या वेळीं.

तेलाविषयीं माझी मोठी जिज्ञासा होती, कारण पोथ्या तेलांनीं भरलेल्या आहेत. त्यांचें उत्तर निराशाजनक होतें. हिवाळ्यांत जवसाचें किंवा मोहाच्या टोळीचें थोडें कोमट करून घ्यावें. उन्हाळ्यांत कोरडा हात, कारण तेलावर धूळ बसते. पावसाळ्यानंतर पोटास व पायांस करंजाचें, माश्या बसूं नयेत म्हणून. एवढेंच. “तेलानं घोडी चमकते, हातानं चालते,” असें म्हणून त्यांनीं तो विषय संपविला.

या सर्व प्रकारास त्यांस सुमारें चाळीस मिनिटें लागतात. मला अद्यापि तास लागतो. पण त्या तासांत जें मला उमगलें तें असें. चोळण्यानें घोड्यास सुख होतें हें खरें, परंतु या विद्येचें मुख्य फल सुख नव्हे, ज्ञान होय. रोज तोच हात त्याच क्रमानें त्याच अंगावरून गेला म्हणजे कालची पाठ आणि आजची पाठ यांतला फरक डोळ्याच्या आधीं हातास कळतो. खोगिराखालीं वाटाण्याएवढी गांठ उठली, कंबर दाबतांच आंत गेली, एक शीर किंचित् जाड लागली, हें लंगडण्याच्या आदल्या दिवशीं सांपडतें. पोथीच्या कपाळीं आपण जो ‘अश्वपरीक्षा’ शब्द लिहितों ती परीक्षा घोडा विकत घेतांना एकदां करावयाची, भोंवरे मोजून. ही दुसरी परीक्षा रोजची होती, आणि फौजेचें घोडें दुसऱ्या दिवशीं मजल करील कीं नाहीं हें तिच्यावर ठरत असे.

आधुनिक शोधांनीं या रीतीच्या कांहीं भागांस पुष्टि दिली आहे. फे व द माझिएर यांनीं १९९३ सालीं फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर दाखविलें कीं, घोडीं एकमेकांस जेथें खाजवितात त्या वाघळीजवळच्या जागीं खाजविलें असतां हृदयाचे ठोके मंदावतात. गुडघ्याखालीं घोड्याच्या पायास मांस नाहीं, नुसत्या कंडरा. रक्त व लस वर चढण्यास चालण्यानें खुरावर पडणारा दाब लागतो, म्हणून उभें ठेवलेलें घोडें पायांत सुजतें, आणि खालून वर चोळण्याचा अर्थ उघड होतो. अमेरिकेंत जॅक मीगर यानें १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकच्या वेळीं तेथील अश्वपथकावर मालिशीचा प्रयोग केला व १९८५ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. तेव्हांपासून तिकडे ही विद्या शिकविण्याचे वर्ग निघाले आहेत.

परंतु हाताची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती न सांगतां जुन्या विद्येचे गोडवे गाणें हा संशोधन नव्हे. घोड्याची मागली कंबर एकाएकीं लुळी पडते, त्या रोगास कमरी म्हणत. जुनें वैद्यक तो वाताचा समजे. तेल, शेक आणि डाग हे उपाय. १९५० नंतरच्या दशकांत इनेस व शोहो यांच्या व इतरांच्या शोधांनीं ठरलें कीं या रोगाचें मूळ एका बारीक कृमींत आहे. तो गाईबैलांच्या व म्हशींच्या पोटांत फारसा अपाय न करतां राहतो. त्याचीं पिलें डांस नेतात. आणि घोड्याच्या अंगांत शिरलीं म्हणजे तीं वाट चुकून पाठीच्या कण्यांतील मज्जेंत जातात. तलाव, भात, गुरें आणि डांस! चांद्याच्या पूर्वभागाचें वर्णनच तें. तसाच सर्रा: पावसाळ्यानंतर घोडें खातें पितें तरी खंगत जातें, पोटाखालीं सूज येते व मरतें. ग्रिफिथ एव्हन्स यानें १८८० सालीं देरा इस्माइलखान येथें त्याचा जंतु रक्तांत पाहिला. तो चावऱ्या माश्या पसरवितात. यांपैकीं एकाही रोगापुढें तळहाताचें कांहीं चालत नाहीं. हातानें सूज आधीं सांपडेल, घोडें वांचणार नाहीं. करंजाच्या तेलानें माशी कांहीं काळ दूर राहील, तेवढाच काय तो उपाय. चाळीसांस एक या प्रमाणाचा विचार करतांना पैशाइतकाच या दोन रोगांचाही हिशेब धरावा, असें मला वाटतें. आणि पाऊस लागतांना घोडादेवापाशीं गुरांचें क्षेम मागणाऱ्या गोंडांस कृमीची वार्ता नव्हती हें खरें असलें, तरी त्या पूजेची वेळ मनांत राहते. याहून अधिक त्यांतून काढूं नये.

पुणें येथें १८६२ सालीं लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, मुंबईस १८८६ सालीं व नागपुरास १९५८ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय. सलोत्र्याची विद्या तींत कांहीं अंशीं सामावली गेली. मोतद्दाराची बाहेर राहिली, आणि मोटारी आल्यावर तबेल्यांबरोबर बहुतेक गेली. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, असें बाड हातीं आलें तर समासांतील निराळ्या हाताच्या ओळी प्रथम उतरून घ्याव्या. तेलाचे डाग पडलेलीं पानें कोणतीं तें नोंदावें, कारण तीं वापरलेलीं पानें होत. आणि पागेच्या जमाखर्चाच्या फर्दी त्याच रुमालांत असतील तर त्या वेगळ्या काढूं नयेत. तेल, हळद, मीठ यांच्या खर्चाच्या तिथि बाडाशेजारीं ठेवून वाचल्या तर पोथीबाहेरचें पुष्कळ कळेल.

वर मालिशीची जी रीत दिली आहे ती लिहून झाल्यावर त्या गृहस्थांस ठाणावर बसून वाचून दाखविली. त्यांस वाचतां येत नाहीं. सगळें ऐकून घेतलें व म्हणाले, घोडीच्या मागें हात फिरवीत जातांना पहिला तळवा पुठ्ठ्यावरून उचलूं नये, दुसरा टेकल्यावरच उचलावा, नाहीं तर ती लाथ मारते. हें कां नाहीं लिहिलें? मीं तेथेंच तें समासांत लिहून घेतलें.